नकोबाई आणि भाचीची ऑफिसबॅग

बॅगांच्या त्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईंचं खरं नाव पगाराच्या वहीत होतं, पण ते तिथं बघायला जातो कोण? सगळे त्यांना नकोबाई म्हणत. कारण काम बॅगा विकायचं असूनही बाईंचा आवडता शब्द ‘नको’ हाच होता. “ही नको, हिची चेन सहा महिन्यांत दात काढेल.” “ती नको, तुमचे खांदे उतरते आहेत, पट्टा घसरत राहील.” गिऱ्हाईक आधी चिडायचं, मग हसायचं आणि शेवटी बाई देतील ती बॅग घेऊन मुकाट्यानं घरी जायचं. थोरल्या मालकांना या पद्धतीचं भारी कौतुक होतं असं नाही. पण विकलेली बॅग घेऊन परत भांडायला कुणी येत नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि तेवढ्यावर ते सुखानं घरी बसले.

मग धाकटे मालक आले. ते कसलासा कोर्स करून आले होते. कसला, ते त्यांनाही धड सांगता येत नसे, पण प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. आल्याआल्या त्यांनी दुकानातले पिवळे दिवे काढून पांढरे लावले, फळ्यांवरच्या निम्म्या बॅगा उचलून तळघरात टाकल्या आणि दारावर पाटी चढवली: ‘आम्ही बॅगा विकत नाही, आत्मविश्वास विकतो.’ पहिल्याच आठवड्यात एक आजोबा ती पाटी नीट वाचून परत गेले. त्यांना भाजीसाठी पिशवी हवी होती. आत्मविश्वास त्यांच्याकडे घरचाच होता.

“बाई, आजपासून गिऱ्हाईकाला ‘नको’ म्हणायचं नाही,” धाकट्या मालकांनी बजावलं.

“आणि नकोच असेल तर?”

“‘ही थोडी वेगळी आहे,’ असं म्हणायचं.”

बाईंनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी अकरा बॅगांना ‘ही थोडी वेगळी आहे’ असं म्हटलं, पण अशा काही चेहऱ्यानं की अकराच्या अकरा बॅगा फळीवर परत गेल्या.

अशातच बाईंच्या भाचीला नोकरी लागली. दुसऱ्या कंपन्यांनी कारभार कसा करावा, हे सांगणारी ती कंपनी होती. स्वतःचं कपाट जन्मात कधी न आवरलेली ही तेवीस वर्षांची मुलगी आता लोकांचे कारखाने आवरायला निघाली होती. सोमवारी रुजू व्हायचं, म्हणून शनिवारी दुपारी बाईंचा धाकटा भाऊ तिला घेऊन दुकानात हजर झाला.

“ताई, बॅग अशी काढ की समोरचा माणूस खुर्चीतून उठला पाहिजे,” तो म्हणाला.

“माणसं उठवायला बॅग कशाला? तू नुसता बोलायला लागलास तरी उठतात,” बाई म्हणाल्या आणि भाचीकडे वळल्या. “सांगितलं होतं ते सगळं आणलंयस?”

भाचीनं अवघडत कापडी पिशवी काउंटरवर रिकामी केली. लॅपटॉप, त्याचा चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री, जाड वही आणि ऑफिसात पोचेपर्यंत घालायच्या सपाट चपला. बाईंनी एकेक वस्तू हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि फळीच्या टोकाची एक करडी बॅग काढली. रुंद पट्टा, दुहेरी शिलाई, सपाट बूड.

“ही जमिनीवर ठेवलीस की आपली आपण उभी राहते. भिंत शोधावी लागत नाही.”

भाचीचा चेहरा उतरला. “आत्या, ही घेऊन गेले तर मला विजेचं मीटर बघायला आलेली समजतील.”

“मीटर बघणाऱ्याला सगळे दार तरी उघडतात.”

तेवढ्यात धाकटे मालक अवतरले. त्यांच्या हातात क्रीम रंगाची, पुठ्ठ्यासारखी ताठ, सोनेरी कडीची बॅग होती, आणि ती त्यांनी अशी धरली होती की जणू नुकतीच जन्मली असावी. “मॅडम, ही बॅग मीटिंगमध्ये तुमच्याआधी बोलते.”

“आधी तिला लॅपटॉप गिळता येतो का बघू दे,” बाई म्हणाल्या.

लॅपटॉप तिरका करून आत गेला आणि वीतभर बाहेर राहिला. बॅगेचं तोंड मिटेना.

“तो ओपन लूक आहे,” धाकटे मालक म्हणाले.

“आणि डबा?”

“प्रोफेशनल लोक हल्ली डबा नेत नाहीत.”

“जेवतात ना पण?”

बाईंनी बॅग उलटी करून मुठीच्या कडीखाली अंगठा दाबला. शिलाई नव्हती. नुसत्या गोंदावर कारभार चालला होता.

“ही नको,” त्या म्हणाल्या. मालक खोकले. “म्हणजे, थोडी वेगळी आहे.”

पण भाची आरशासमोर पोचली होती. बॅग एकदा या खांद्याला, एकदा त्या. आरशातली मुलगी खरंच मोठ्या हुद्द्यावरची दिसत होती. तिथं डबा, बाटली, छत्री यांतलं काही दिसत नव्हतं. भाऊही खूश झाला. बिल झालं. जाताना भाचीनं मागं वळून हात हलवला, पण तोवर बाई काउंटरवरच्या त्या सपाट चपला भावाच्या हातातल्या पिशवीत भरत होत्या. या पोरीला बुटांची नाडी बांधायला त्यांनीच शिकवलं होतं. सल्ला डावलला याचं त्यांना विशेष वाटलं नाही. तो रोजच डावलला जाई. पण मालक बोलत असताना पोरीनं आत्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते मात्र लागलं.

पुढचे तीन आठवडे भावाचे फोन येत राहिले. लिफ्टमध्ये लोक बॅगेकडे बघतात म्हणे. भाची एका खांद्यावर ती बॅग आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन जाते, हेही त्याच्या बोलण्यातून निसटलं. म्हणजे पिशवी काम करत होती आणि बॅग हुद्दा सांभाळत होती.

चौथ्या गुरुवारी भर दुपारी भाची दुकानात आली. बॅग काखेत, कडी लोंबकळलेली, क्रीम रंगावर शाईचा डाग.

“काय झालं?”

“क्लायंटच्या ऑफिसचा जिना चढत होते. कडी निघाली. लॅपटॉप सात पायऱ्या खाली गेला, आत्या. मोजल्या मी. काही सुचतच नव्हतं, म्हणून मोजत बसले.”

“मग?”

“स्क्रीन फुटला. बेचाळीस स्लाइड होत्या माझ्या. आमचे सर पांढरेफटक पडले. शेवटी तशीच उभी राहिले आणि तोंडानं सांगितलं. वीस मिनिटांत संपलं.”

“आणि ते लोक?”

“काम दिलं त्यांनी.” भाचीला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. “म्हणाले, आजवर आमच्याशी कुणी इतक्या थोडक्यात बोललंच नव्हतं. आता सर सगळ्यांना सांगत फिरतायत, स्लाइड न दाखवायचं त्यांनीच ठरवलं होतं.”

धाकट्या मालकांनी बॅग दोन बोटांनी उचलून पाहिली. “सॉरी मॅडम. वॉरंटी फक्त नॉर्मल वापराला असते.”

“नॉर्मल म्हणजे?”

“म्हणजे फोन, चावी, लिपस्टिक वगैरे.”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. नकोबाईंनी आवाज चढवला नाही, पण सव्वीस वर्षं काउंटरवरून बोलणाऱ्या बाईला आवाज चढवावा लागत नाहीच. “मग पाटीवर तसं लिहा ना, मालक. ‘बॅग रिकामी वापरावी.’ लोक घरून हातात सामान घेऊन येतील.”

एक बाई फिस्सकन हसली. दोघांनी हातातल्या बॅगा अलगद फळीवर ठेवल्या. धाकटे मालक लाल झाले आणि त्यांनी जागच्या जागी शिक्षा सुनावली: नकोबाईंनी आजपासून वर उभं राहायचं नाही, तळघरात दुरुस्तीच्या टेबलावर बसायचं. तिथला कारागीर सोडून गेल्याला वर्ष झालं होतं.

बाई ताठ मानेनं जिना उतरल्या, पण खाली पोचल्यावर त्यांना टेबल धुरकट दिसायला लागलं. मागोमाग भाची उतरली. “सॉरी आत्या,” ती म्हणाली. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत टेकल्या. सव्वीस वर्षांत कामाच्या वेळी त्या पहिल्यांदाच बसत होत्या. मालकांच्या शिक्षेत गुडघ्यांना एवढा आराम असेल, याची मालकांना कल्पना नसावी.

“नुसत्या लॅपटॉपनं कडी निघत नाही,” चष्मा पुसत बाई म्हणाल्या. “आणखी काय भरलं होतंस?”

बॅगेतलं सामानही आता कापडी पिशवीत कोंबलेलं होतं; ती भाचीनं उलटी केली. तिचं स्वतःचं सामान ओळखीचं होतं. पण त्याखाली आणखी बरंच निघालं. माहितीपत्रकांचा गठ्ठा, दुसरा चार्जर, टॅबलेट, स्टीलचा मोठा थर्मास, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि गाडीत मानेखाली घ्यायची उशी.

“तुझी मान दुखते?”

“सरांची.”

“आणि हा थर्मास?”

“सरांचाच. सगळं सरांचंच आहे. मीटिंगला जाताना मी घ्यायचं असतं. मीच नवीन आहे ना.”

“मग सर काय घेऊन चालतात?”

“फोन.”

“आणि?”

“जबाबदारी, असं ते म्हणतात.”

भाचीला जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि बाईंनी ते न पाहिल्यासारखं करून उशीची चेन उघडझाप करून तपासली.

“सोमवारी हे सगळं नेऊन त्यांच्या टेबलावर ठेव,” त्या म्हणाल्या. “भांडू नकोस, कारण सांगू नकोस. ठेव, गुड मॉर्निंग म्हण आणि कामाला लाग.”

“चिडले तर?”

“चिडायला त्यांचे हात तर मोकळेच आहेत.”

मग तळघरात टाकलेल्या जुन्या मालातून भाचीनं दुसरी बॅग निवडली. करडी नाहीच; त्याबाबत ती शेवटपर्यंत ठाम राहिली. गडद निळी, बेताची, पण डब्यासाठी वेगळा कप्पा असलेली. सरांचं सामान वगळल्यावर मोठी बॅग लागतच नव्हती. बाईंनी कड्या ओढून पाहिल्या, अस्तर चाचपलं, शिवण नखानं खरवडली आणि बॅग मुकाट्यानं तिच्या हातात दिली.

सोमवारी सरांनी टेबलावरच्या वस्तूंकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्या कुण्या दूरच्या नातेवाइकाच्या असाव्यात. सहा महिन्यांनी भाचीच्या कामगिरीच्या कागदावर ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा आला. त्याच कागदावर खाली, दोन क्लायंटनी तिलाच पाठवा अशी विनंती केल्याचंही लिहिलं होतं. या दोन ओळींचा मेळ कसा बसतो, हे सांगायला मात्र कंपनीनं कुणाला नेमलं नव्हतं.

सर स्वतः एकदा बॅग घ्यायला आले. बगलेत उशी होती, म्हणून नकोबाईंनी त्यांना जिन्यातूनच ओळखलं. धाकट्या मालकांनी त्यांना त्या क्रीम बॅगेचा तपकिरी भाऊ दाखवला आणि ती बॅग खोलीत त्यांच्याआधी बोलेल असं सांगितलं. बाईंनी चकार शब्द काढला नाही. सर खूश होऊन गेले.

इकडे दुरुस्तीला येणारी माणसं खाली बसून विचारायला लागली, नवी घेऊ का, कुठली घेऊ. मग ती वर जाऊन नेमकी तीच बॅग मागायची आणि विकलेला माल परत यायचा थांबला. महिनाभर धाकट्या मालकांनी याचं श्रेय पांढऱ्या दिव्यांना दिलं. शेवटी एक दिवस ते स्वतः जिना उतरून आले.

“बाई, वर या आता. झालं गेलं सोडून द्या.”

“मला इथं बरं आहे.”

“लोक तुम्हालाच विचारतात हो.”

“मग पाठवा की खाली.”

मालक रुमालानं मान पुसत म्हणाले, “उकडतं मात्र फार इथं.”

दुसऱ्या दिवशी तळघरात पंखा आला. जुनाच आहे, फिरताना घरघरतो. बाईंशी बोलायचं तर जरा मोठ्यानं बोलावं लागतं, आणि बाईंचं ‘नको’ही आता वर दुकानात ऐकू येतं.