तिची ओवी खोडली त्या दिवशी

आक्का, आम्ही बोरगाव सोडलं तेव्हा तू वेशीपर्यंत आली होतीस. तुझी वहिनी बैलगाडीत गावाकडं तोंड करून बसली, माझ्याकडं पाठ. निपाणी येईपर्यंत तशीच. तंबाखूच्या वखारीतलं माझं काम सुटलं होतं, बेळगावात खडेबाजारात हमाली मिळाली होती. "पोटामागं जायचं, रडायचं न्हाय," आपले आप्पा म्हणाले होते. ती रडली न्हायच. भांडली. तेही रोज सकाळी जात्यावर, मला ऐकू येईल अशा आवाजात.

धन्यानं हाकली गाडी, मागं राहिलं माझं रान
मला आणलं बेळगावी, न्हाय आणलं मन

ती जाऊन चार महिने झाले. शेजारचे मास्तर बायकांच्या ओव्या वहीत उतरून घेतात, पुस्तक काढणार आहेत. मी त्यांना ही सांगितली. त्यांनी लिहिली, बोटांवर अक्षरं मोजली.

"अण्णा, शेवट आखूड पडतो. 'न्हाय आणलं वेडं मन' करू या. भाव किती करुण आहे!"

"करुण? मास्तर, तुम्ही कधी दळलंय?"

"नाही बुवा."

"मग ऐका. उजवा हात खुंट्यावर. 'मन' म्हटलं की डाव्या हातानं मूठभर जोंधळं जात्याच्या तोंडात. तेवढं गाणं थांबायचं, जातं न्हाय. आखूड कुठलं? तिथं जोंधळं हायत."

मास्तर हसले. "वाचणाऱ्याला ते कसे दिसणार?"

"न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं. आन् वेडं कुणाचं मन? जाब इचारत हुती ती मला! मी घोंगडं तोंडावर वढून पडायचो. हाय तसं छापा, न्हायतर खोडा."

"पुस्तकात तुमच्या मंडळींचं नाव येईल, अण्णा. विचार करा."

केला. तिचं नाव कुठंच लिहिलेलं न्हाय, आक्का, सातबाऱ्यावर न्हाय, दारावर न्हाय. तरी म्हणालो, "खोडा."

त्यांनी रेघ मारली.

आता तू लिहितेस, परत ये, एकटा काय करतोस. ऐक. वीस वर्षं ती मला इथं बोलली आणि मी एकदाही तोंड उघडलं न्हाय. आता सकाळी जात्यापाशी बसतो आणि एकेक उत्तर देतो. लोक म्हातारा खुळावला म्हणतात, म्हणू देत. आमचं भांडण अजून मिटलं न्हाय. ते जिथं चाललंय, तेच माझं घर.