दोन मजले, एक बॉक्स

पिंपळखुटे काकांनी सेट-टॉप बॉक्स टीव्हीपासून सोडवून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. वरून सुतळी बांधली होती. मी जिना चढून वर पोचलो तसं त्यांनी ते पुडकं माझ्या हातात दिलं.

"घेऊन जा."

"काहून काका? बिघडला का?"

"नाही. चांगला चालून राहिला. तू घेऊन जा, अन् पहिल्यासारखं करून दे."

मला रागच आला. तो बॉक्स मी कसा मिळवला होता ते माझं मला माहीत. आमच्या जबलपूरच्या अधारतालात लोक एका बॉक्ससाठी माझी कॉलर धरायला निघाले होते, आणि हे गृहस्थ मिळालेला बॉक्स सुतळी बांधून परत करत होते. रस्त्यावर माझी स्कूटर उभी होती आणि अजून सहा घरं बाकी होती. पण काकांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून पुडकं मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो.

मी केबलवाला. आता ब्रॉडबँड जोडून देतो, पण तेव्हा अधारतालच्या आमच्या भागात केबल म्हणजे मीच होतो. घराच्या गच्चीवरच्या खोलीत माझी कंट्रोल रूम होती. बाहेर डिश, आत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, म्हणजे आकाशातून आलेलं एकेक चॅनेल एकेका नंबरावर बसवून वायरीत सोडणारी यंत्रं. हे झालं ॲनालॉग. नळाच्या पाण्यासारखं होतं ते. लाइन घरात आली की जितके टीव्ही जोडाल तितके जोडा, प्रत्येकाला सगळी चॅनेलं मिळणार. कोणतं चॅनेल दाखवायचं ते मी ठरवायचो. आमच्याकडे मराठी घरं थोडी, कारखान्यातली, रेल्वेतली, पण त्यांच्यासाठी एक मराठी चॅनेल मी कायम ठेवलं होतं. हिंदी गिऱ्हाईकं म्हणायची, भैया, इसकी जगह कोई पिक्चर वाला लगा दो. मी ऐकायचो आणि विसरून जायचो.

मग सरकारनं आमच्या शहरातलं ॲनालॉग बंद करायचं ठरवलं. यापुढे सिग्नल कुलूप लावून येणार आणि प्रत्येक टीव्हीपाशी ते कुलूप उघडणारा एक बॉक्स लागणार. चॅनेलं मोठी कंपनी पाठवणार. ठरलेल्या दिवशी मी खोलीत जाऊन एकेक मॉड्युलेटर स्वतःच्या हातानं बंद केला. पंखे थांबले. त्या खोलीत मी वर्षानुवर्षं एकटाच बसत आलो होतो, पण एकटं वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग खालून फोन वाजायला लागला तो महिनाभर थांबला नाही.

लोकांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या. बॉक्स होते कमी. मला वरून हुकूम होता की सध्या घराला एकच बॉक्स.

पिंपळखुट्यांच्या घरात टीव्ही दोन. खाली मुलगा मिलिंद आणि सून रश्मी, वर काका एकटे. काका डिफेन्सच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या. मिलिंद म्हणत होता नागपूरला नेऊ, काका म्हणाले इथेच बरी होईल. बरी झाली नाही. तेराव्याच्या दिवशी मिलिंद सगळ्यांसमोर एक वाक्य बोलला. ते मी ऐकलं आहे, लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. रश्मीभाभी सतनाकडच्या, त्यांना मराठी येत नाही. त्या सकाळ-संध्याकाळ डबा जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायच्या आणि काका उतरून घेऊन जायचे.

बॉक्स मिलिंदच्या नावावर होता, म्हणून तो खाली बसवला. काकांसाठी मी जुगाड केला. बॉक्सच्या मागच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांना जोड लावून दुसरी लांब वायर खिडकीतून वर नेली आणि काकांच्या टीव्हीला लावली. यात एक अडचण असते. बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उघडतो. म्हणजे खाली जे लागेल तेच वर दिसणार. खाली बंद तर वरही बंद.

"काका, सध्या एवढंच. चालेल ना?"

"चालेल," ते म्हणाले.

आठवड्यानं शेजारी काम होतं म्हणून मी वर डोकावलो. काका गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर एक बाई हिंदीत नखांना रंग कसा लावायचा ते सांगत होती. काका ते शेवटपर्यंत पाहत होते. मला फार वाईट वाटलं. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचा माल पास-नापास केला, त्याला स्वतःचं चॅनेल लावता येऊ नये.

"वेगळा बॉक्स आणू का काका?"

"राहू दे. चालून राहिलं."

आता इथे मी चुकलो. आपल्या लोकांना मागायचा संकोच असतो, घरातलं बाहेर दिसू नये म्हणून 'राहू दे' म्हणतात, असं मी धरून चाललो. माझे वडीलही असेच होते. तेव्हा काकांचं 'राहू दे' मी 'आण' असं ऐकलं.

सिव्हिल लाइन्सला कंपनीचं ऑफिस होतं. तिथे चौहान म्हणून मॅनेजर. त्यांच्या टेबलासमोर माझ्यासारखे दहा केबलवाले उभे.

"सर, एक बॉक्स एक्स्ट्रा चाहिए."

"सबको चाहिए."

"बुजुर्ग हैं सर, अकेले रहते हैं. मराठी चैनल देखना है."

"मराठी?" त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "जबलपुर में कौन देखता है?"

"जो देखता है उसी के लिए माँग रहा हूँ."

त्यांनी मला हाकलून दिलं. मी तीन वेळा गेलो. चौथ्यांदा त्यांनी कंटाळून एक बॉक्स टेबलावरून सरकवला. मी तो छातीशी धरून आणला, इतका मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

दुपारी जाऊन बसवला. मराठी चॅनेलचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून रिमोटला चिकटवला. खाली उतरून जोड काढला, वायर गुंडाळली. रश्मीभाभी दारात उभ्या होत्या.

"ऊपर वाली लाइन निकाल रहे हैं?"

"हाँ भाभी. अब उनका अपना बॉक्स है. आप लोग आराम से देखिए."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. निदान चहा तरी विचारतील असं मला वाटलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते सुतळीचं पुडकं माझ्या मांडीवर आलं.

"काका, यात मराठी लागून राहिलं ना?"

"लागते. चोवीस तास लागते. मला काय करायचं आहे चोवीस तास?"

"मग?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माल परत का पाठवला याचा रिपोर्ट देतात तसं ते बोलायला लागले.

"हे बघ सुधीर. तुझ्या पहिल्या वायरीवर सकाळी सातला बातम्या लागत. म्हणजे मिलिंद उठला. साडेनऊला बंद, म्हणजे तो ऑफिसला गेला. दुपारी सून पाहे. रविवारी उशिरापर्यंत बंद असे, म्हणजे झोपले आहेत. एकदा दोन दिवस काहीच लागलं नाही, तर मी मधल्या पायरीपर्यंत उतरून कान देऊन उभा राहिलो. खोकला ऐकू आला. समजलो, ताप आहे. मला कोणी सांगत नाही ना. मला त्याच्यातूनच समजत होतं."

मी पुडकं मांडीवरून खाली ठेवलं.

"अन् साडेसातला..." काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "संध्याकाळी साडेसातला अर्धा तास मराठी लागे. आमची मालिका. तुझी काकू होती तेव्हापासूनची. रोज. एक मिनिट इकडे-तिकडे नाही. आठ वाजले की परत हिंदी."

"खाली?"

"खालीच. बॉक्स तर खालीच होता. आता सांग, खाली मराठी पाहणारं कोण आहे?" त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पाहिलं. "बोलत नाही तो माझ्याशी. पण लावत होता. त्याला माहीत होतं मी वर पाहून राहिलो म्हणून. तू वायर काढून नेली."

मी चार खेटे घालून, एका मॅनेजरशी वाद घालून एका म्हाताऱ्याचं घरातलं एकमेव बोलणं तोडून आलो होतो, आणि वर रिमोटला कागद चिकटवला होता. लाज वाटली. सहा घरं राहिली बाजूला. स्कूटरच्या डिकीतून वायर काढली, पिना नव्या लावल्या, खाली जाऊन भाभींना फक्त "वो लाइन वापस जोड़नी है" एवढं सांगितलं आणि जोड परत लावला. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मिलिंद कानात इयरफोन घालून मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी आल्याचं त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

वर येऊन टीव्ही लावला. हिंदी मालिका चालू होती. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. काका म्हणाले, "बस. पाहून जा."

साडेसात झाले. हिंदी मालिकाच चालू. सात बत्तीस. काकांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सात पस्तीस. त्यांनी हात परत गुडघ्यांवर ठेवले.

"वायर बरोबर आहे?"

"बरोबर आहे काका."

"मग मिलिंदला राग आला असेल," ते म्हणाले. "बापानं वेगळा बॉक्स घेतला म्हणून."

"पाना खाली राहिला," असं सांगून मी उतरलो. पाना माझ्या खिशातच होता.

रश्मीभाभी कणीक मळत होत्या. मला शब्द जुळवता येत नव्हते, म्हणून सरळच विचारलं.

"भाभी, साढ़े सात बजे मराठी चैनल लगता था ना आपके यहाँ?"

"हाँ. मैं लगाती थी."

"मिलिंद नहीं?"

त्यांनी मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं. "वो तो उधर बैठते हैं. उन्हें पता है. कुछ बोले नहीं, न हाँ न ना." मग हाताची कणीक काढत म्हणाल्या, "पहले ऊपर से रोज़ साढ़े सात बजे आवाज़ आती थी, उस सीरियल की. आपने बॉक्स नीचे लगाया तो आवाज़ बंद हो गई. अच्छा नहीं लगता था. मुझे तो एक अक्षर समझ नहीं आता भैया, पर लगा देती थी. फिर आपने अलग बॉक्स दे दिया, तो मैंने सोचा बाबूजी ने ही मँगवाया होगा. उनको मेरा लगाया नहीं चाहिए."

"उन्होंने नहीं मँगवाया. मैं अपने मन से ले आया था."

"अच्छा," त्या म्हणाल्या. हात पदराला पुसून त्यांनी रिमोट उचलला. त्यांची स्वतःची मालिका ऐन रंगात आली होती. त्यांनी नंबर न पाहता दाबला. मराठी बोलणं त्या खोलीत सुरू झालं आणि त्या परत कणकेकडे वळल्या.

मी वर गेलो. काका खुर्चीत जरा पुढे सरकून बसले होते. टीव्हीवर मालिकेतली कोणीतरी रडत होती आणि काकांचा चेहरा बघवत नव्हता, इतका तो खूश होता. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "मिलिंद घरी आहे?"

"आहे," मी म्हणालो.

"मग बरोबर."

माझं उत्तर खोटं नव्हतं. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. ते बोललो असतो तर त्यांचा मुलगा त्यांच्याकडून पुन्हा एकदा गेला असता. मी पुडकं उचललं आणि निघालो.

तो बॉक्स दुसऱ्या दिवशी गोहलपूरला एका घरी बसवला. त्या माणसानं पाच वेळा फोन केला होता, तरी पिना लावण्याआधी मी त्याला विचारलं, पक्का चाहिए ना? त्यानं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. तेव्हापासून माझा नियम आहे, की ज्या घरातून तक्रार नाही तिथल्या वायरीला हात लावायचा नाही, आणि कोणी 'राहू दे' म्हणालं तर राहू द्यायचं.

कामापुरता धडा एवढाच, आणि तो मी पाळत आलो आहे. पण पुढे कित्येकदा त्या घरी गेलो, वर चहा प्यालो, मिलिंद कसा वेळ चुकवत नाही हे काकांच्या तोंडून ऐकलं, आणि लावणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. रश्मीभाभींनी मला गप्प राहायला सांगितलं होतं असंही नाही. त्यांना काय हवं ते कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.