वडनेरच्या अभ्यासिकेची चावी

बाहेरून आलेल्या फौजेने उभी केलेली व्यवस्था फौज परतल्यावर टिकते का? मला उत्तर माहीत नाही. पण पुण्याला नोकरी लागली, वडनेरची माझी अभ्यासिका डोळ्यांसमोर आली, आणि हाच प्रश्न घेऊन मी वडनेरलाच राहणाऱ्या मामांकडे निघाले. मामा सैन्यात होते, आफ्रिकेत शांतिसेनेत राहून आलेले.

वर्ध्याहून सकाळची एसटी धरा, हिंगणघाटला बदला. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडसमोरचे तर्रीपोहे चुकवू नका, तर्री मात्र बेताने घ्या. मी मात्र अर्धी प्लेट तशीच ठेवून पुढची गाडी धरली. घरातली पहिली पदवीधर मी. मामांच्या गावातल्या मुलींनीही शिकावं म्हणून दर रविवारी सकाळी अभ्यासिका उघडायचे. मुलाखतींमुळे महिनाभर फिरकले नव्हते, आणि चावी माझ्याच पर्समध्ये! सगळं बंद पडलं असणार.

पुढे दुतर्फा फुटलेला कापूस. वडनेरला समाजमंदिराच्या खोलीला माझंच कुलूप, धूळ बसलेलं. ऊन उतरेपर्यंत मी मामांकडे बसून होते. तेवढ्यात त्यांच्याच ओट्यावर मुली वह्या घेऊन आल्या.

"आता आमी संध्याकाळी बसतो, ताई," पिंकी म्हणाली. "सकाळी कापूस वेचाले जावं लागते. तुह्यासाठी थांबलो का घरी आई बोंबलत जाये."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तू इतक्या दुरून येत होती. कसं सांगाव?"

मामा हसले. "तिकडं आफ्रिकेत आमचंही असंच झालतं. छावणीच्या दाराशी हातपंप बसवला. बंदूकवाले पाहून बाया येतच नव्हत्या. आमी निघालो, तं पंपावर ही गर्दी! तिथल्या दुभाष्यानं फोटो धाडला."

"म्हणजे निघालात ते बरंच झालं?"

"पंपासाठी. पण रस्त्यावरची आमची चौकीबी उठली, अन् त्या रस्त्यानं लोकं मारले गेले. तेही त्यानंच कळवलं." मामांनी ओट्यावरच्या वह्यांकडे बोट केलं. "तुह्या अभ्यासिकेले चौकी नाई लागत, पोरी."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. माझ्यावाचून त्यांचं अडलं नाही, हे थोडं टोचलंही. मामांच्या त्या रस्त्याचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.

घरी आईने विचारलं, "पुढच्या रविवारी डबा किती वाजता करू?"

"डबा नको," मी म्हणाले. चावी पिंकीच्या हातात देऊन आले होते.