सोळाव्या वर्षी मारलेला शिक्का

काल जेवताना धाकटीने विषय काढला. ती अकरावीत आहे. कुठल्या तरी देशात सोळा वर्षांच्या मुलांना मत देता येतं, मग आपल्याकडे का नाही, असं तिचं म्हणणं. हे हसले. "अंथरुणाची घडी घालत नाहीस, आणि सरकार निवडणार!"

"घडी तर तुम्हीपण नाही घालत, पप्पा. तुम्हाला कसं चालतं?"

मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू सांग ना." मी तिला भात वाढला. बोलायची वेळ आली की माझं असंच होतं, समोर घरचीच माणसं असली तरी. म्हणून आज दुपारी सगळे बाहेर गेल्यावर तिच्या जुन्या वहीत लिहिते आहे. मी सोळाव्या वर्षी मत दिलेलं आहे.

माझं माहेर कळव्याचं, खाडीकडचं. आई-बाबा मिठागरावर कामाला जायचे. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून चार वर्षांची असतानाच मला मोठ्या बहिणीबरोबर शाळेत बसवलं. गुरुजींनी वय सहा लिहिलं आणि जन्मतारीख एक जून. वर्गातली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मलेली होती. चौथीनंतर शाळा सुटली, पण कागदावरची ती जास्तीची दोन वर्षं माझ्याबरोबर राहिली. पुढे मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं. यादी करायला तेच गुरुजी दारात आले आणि शाळेचा दाखला बघून त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा मात्र खूश. "घरात एक मत वाढलं."

आमच्याकडे मत एकेकट्याचं नसायचंच. निवडणुकीआधी पुरुष गावदेवीच्या देवळात जमायचे. मध्ये नारळ ठेवायचे आणि प्रत्येक जण त्यावर हात ठेवून सांगायचा, आमच्या घरची एवढी मतं अमक्याला. बाबांनी हात ठेवून तीन मतं सांगितली. त्यांचं, आईचं आणि माझं; बहीण तोवर लग्न होऊन सासरी गेली होती.

त्या वेळी शिवण शिकवणाऱ्या एक बाई स्वतःच्या बळावर निवडणुकीला उभ्या होत्या. त्यांचं चिन्हही शिलाई मशीनच. पुरुष कामावर गेलेले असताना त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, आईशी बोलल्या आणि मग मला म्हणाल्या, "तुला काय हवं गं?"

असं मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मला काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. दाराला आतून कडी असलेला संडास. आम्ही पोरी उजाडायच्या आत खाडीकाठच्या तिवरांच्या झुडपांआड जायचो. एक बसायची, दुसरी वाटेवर उभी राहायची, कोणी आलं की खोकायची. पण हे तोंडातून बाहेर येईना. बाई बराच वेळ थांबल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. पुढचे कितीतरी दिवस मी भांडी घासताना त्यांना मनात उत्तर देत होते.

मतदान माझ्याच शाळेत होतं. दाराशी एजंट म्हणून शेजारचे काका बसलेले. मला जन्मल्यापासून ओळखणारे. माझं खरं वय त्यांना ठाऊक. काकांनी यादी बघितली, मला बघितलं, आणि हसले. "कवरी गो मोठी झालीस बाय! अठरा? जा, जा." गावाचं एक मत ते कशाला अडवतील?

पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी होते. गावाने ठरवलेलं चिन्ह वरच होतं, मशीन खाली. शिक्का हातात धरून मी एवढा वेळ उभी राहिले की केंद्रावरचे साहेब ओरडले, "झालं का बाई?" मी मशीनवर शिक्का मारला. जे ओट्यावर बोलता आलं नाही, ते बोलून झालं असं वाटलं.

बाई पडल्या. पण आमच्या पेटीतून त्यांना अकरा मतं निघाली आणि गावात खळबळ उडाली. नारळावर हात ठेवून अकरा मतं फुटली कशी? बाबा देवळातून तडक घरी आले. चपलाही काढल्या नाहीत.

"आपल्या घरातलं कोन नाय ना?"

आई चुलीत फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "मी."

ती खरं बोलत होती की मला वाचवत होती, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण तिला एकटीला बोलणी खाऊ देणं जमेना. "मीपन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "एका घरान दोन!" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. परत आले ते नारळ फोडून, हातात खोबरं घेऊन. पहिला तुकडा मला दिला. आवाज मऊ झाला होता. "खा. देवीला सांगितलंय, पोर सोळाचीच हाय, तिला काय कलतंय, माफ कर."

मिठागरात भेगाळलेला त्यांचा हात माझ्यापुढे होता. मी खोबरं घेतलं, खाल्लं. ताजं होतं, गोड होतं. पण संध्याकाळी आईने पाया पडायला देवळात नेलं तेव्हा मी नुसते हात जोडले. माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही.