मामांची वेस

आमच्या हिच्या मामांइतका आपल्या गावाचा अभिमान अख्ख्या अमेरिकेत कुणाला नसेल, आणि अभिमान बाळगावा असं त्या गावात काही म्हणजे काही नव्हतं. ऐंशीच्या दशकात आम्ही ट्रॉयहून दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे जायचो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलं टीचभर गाव. निम्मी घरं फ्रेंच बोलणाऱ्यांची, बाकी आयरिश, मोहॉक आदिवासी, दोन पोलिश आणि एक आमच्या मामांचं. मामा तिथले एकुलते एक डॉक्टर. "जावईबापू, तुमच्या ट्रॉयमध्ये काय, जिकडे बघावं तिकडे इंजिनिअर! इथे माणसं बघायला मिळतात," असं म्हणत ते गावातला एकमेव सिग्नल एखादं देवस्थान दाखवावं तसे दाखवायला न्यायचे. इंजेक्शन देताना ते सगळ्यांशी मराठीच बोलत. "झालं, झालं" हे तिथल्या पोरासोरांना पाठ होतं, आणि बोटावर हातोडी बसली की आयरिश सुतार चक्क "आई गं!" म्हणायचा. हे मी या कानांनी ऐकलंय.

पण मामांचा खरा हट्ट म्हणजे पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायचं. आता त्या गावाची वेस म्हणजे दोन देशांची सरहद्द! आमचं ट्रॉय पश्चिमेला दुसऱ्या राज्यात, जवळचा रस्ता कॅनडातून, म्हणून आम्ही तिकडूनच घरी परतायचो. मामा पायात चपला, हातात दह्याची वाटी अशा थाटात गाडीशेजारून चालत चौकी ओलांडून सरळ परदेशात येत, आमच्या हातांवर दही घालत आणि तसेच माघारी जात. दोन्हीकडचे अधिकारी त्यांचे पेशंट, ते नुसते हात हलवायचे.

एका वर्षी अमेरिकेच्या बाजूला नवा तरुण अधिकारी आला होता. परतणाऱ्या मामांना त्याने अडवलं आणि कागद मागितले. मी म्हणालो, "मामा, मामींकडून ग्रीन कार्ड आणतो, दहा मिनिटांचं काम." मामा उसळले. "अजिबात नाही! माझ्या गावात शिरायला मी कार्ड दाखवू? मग इतकी वर्षं इथे काय केलं मी?" आणि वाटी धरून ते रस्त्यातच उभे राहिले. मला हसूही येईना. कार्ड आणणं सोपं होतं, पण ते दाखवून आत गेलेले मामा पुन्हा तेच राहिले नसते.

दवाखान्याची वेळ टळली तशी तिथे खोळंबलेली माणसं डॉक्टरला शोधत चौकीवर आली. सुतार आला, मोहॉक जोडपं आलं, आणि पुढे काठी टेकत मामांची मधुमेहाची फ्रेंच आजी.

"हे गृहस्थ कुठले?" अधिकाऱ्याने विचारलं.

"इथले," आजी म्हणाली. "तू कुठला?"

तो बिचारा गेल्याच आठवड्यात बदलून आलेला. कानापर्यंत लाल झाला आणि "पुढच्या वेळी कार्ड जवळ ठेवा," असं पुटपुटत बाजूला सरला.

आजीने मामांचा दंड धरला. दोन पावलं जाऊन ते वळले आणि मला हळूच म्हणाले, "जावईबापू, सांगलीहून निघालो तेव्हा सोडायला अर्धी गल्ली आली होती. न्यायला कुणी आलं ते आज."