फ्लेक्समागची आई

आमच्या हौशी चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात भिंती चिठ्ठ्या टाकून वाटतात. म्हणजे कुणी रुसायला नको. रुसणारे रुसतातच, पण निदान चिटणिसांना दोष देता येत नाही. या वर्षी मला दारासमोरची भिंत आली. शेजारी मोठी खिडकी, पश्चिमेचा भरपूर उजेड. मी शाळेत चित्रकला शिकवते, धायरीत राहते आणि वर्षातून एकदा या सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात चित्र टांगते. माझं कलाजीवन म्हणतात ते एवढंच. त्यात अशी भिंत! त्या दिवशी घरी येऊन मी शिरा केला.

शिऱ्याचं खरं कारण आई. तिनं सारा जन्म मंडईत पालेभाजी विकली. माझं चित्र बघायला ती कधी आली नाही. "रंगवलेलं बघून पोट भरतंय व्हय?" हे तिचं ठरलेलं. आता ती मांजरी गावात भावाकडे असते आणि तिच्या डोळ्यांचं पार वाटोळं झालंय. दिवसाच्या उजेडात, नाकाजवळ धरलं तर दिसतं. दिवे लागले की संपलं. डॉक्टर म्हणाले, आहे तेही फार दिवस राहणार नाही. आणि या वर्षी मी तिलाच काढलं होतं, कोथिंबिरीच्या जुड्यांमागे बसलेली. तिला दिसतंय तोवर तिनं ते बघावं, बाकी मला काही नको होतं. कधी नव्हे ते ती हो म्हणाली. भावाला सुटी फक्त उद्घाटनाच्या दिवशी मिळत होती. चारचा कार्यक्रम, म्हणजे उजेडच उजेड. मी निश्चिंत.

डोंबल! आम्ही तिघं पोचलो तर माझ्या भिंतीवर हा एवढा फ्लेक्स. प्रमुख पाहुण्यांचा हसरा चेहरा, हात जोडलेले, आणि त्यांच्या मागे माझी आई गडप. समोरची भिंत म्हणजे व्यासपीठाची भिंत, हे दर वर्षी बघूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला की बोलायची सोय नाही.

मी चिटणिसांना गाठलं. "अहो, माझं चित्र आहे ह्याच्यामागे."

"मॅडम, कार्यक्रम झाला की काढतोच."

"मग आत्ता पाच मिनिटं वर करा. आईला दाखवते आणि परत सोडते."

"दोऱ्या बांधल्यात हो. पाहुणे कुठल्याही क्षणी येतील."

पाहुणे कुठल्याही क्षणी आले नाहीत. आई मागच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. मधूनच विचारायची, "कुठंय गं?" मी म्हणायची, "दाखवते." खिडकीतलं ऊन पिवळं व्हायला लागलं तसं माझं डोकं तापायला लागलं.

एकदाचे आले. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले. मग उकडतंय म्हणून सगळे निमंत्रणपत्रिकांनी वारा घ्यायला लागले. मग सत्कार. पाहुण्यांचा, त्यांच्या पत्नींचा, केंद्राच्या व्यवस्थापकांचा. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि फोटो हलला म्हणून तीच शाल पुन्हा एकदा. त्यानंतर पाहुणे बोलायला उभे राहिले. "मला चित्रकलेतलं काही कळत नाही," म्हणाले. दर वर्षीचे पाहुणे हेच म्हणतात. अहो, कळत नाही तर बसा की खाली! पण नाही. न कळणाऱ्या विषयावर माणूस किती बोलू शकतो, ते पुण्यात येऊन ऐकावं.

खिडकी राखाडी व्हायला लागली. भाऊ कुजबुजला, "ताई, जाऊ दे ना. पुढच्या वर्षी बघेल ती."

पुढच्या वर्षी! तिथं माझं डोकं सटकलं.

मी उठले, सरळ व्यासपीठावर गेले, "माफ करा हं" म्हणाले आणि फ्लेक्सची खालची कड उचलून आत शिरले. भाषण थांबलं. चाचपडत खिळ्यावरून चित्र काढलं, काखेत मारलं आणि बाहेर आले. चिटणीस आडवे आले. "मॅडम, समारोपाआधी चित्र उतरवायचं नाही, नियम आहे आपला."

"मग मलाच गटातून उतरवा," मी म्हणाले आणि आईचा दंड धरून तिला फुटपाथवर घेऊन आले.

बाहेर अजून जेमतेम उजेड होता. भावानं चित्र उभं धरलं. आई वाकली, नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि कडेपासून हळूहळू सरकत बघायला लागली. आधी कोथिंबीर. "जुडी ब्येस बांधलीया." मग बांगड्या. मग ती चेहऱ्यापाशी आली आणि तिथंच थांबली. आरशात बघणं तिनं केव्हाच सोडलं होतं. धड दिसत नाही तर बघायचं काय, म्हणायची.

"ही मी हाय?"

"हो गं. तूच."

तिनं आपल्या गालावरून हात फिरवला. मग चित्रातल्या गालावरून.

"येवढी म्हातारी झाले व्हय मी?" ती म्हणाली. "कुनी सांगितलं न्हाई ते मला."

आतून टाळ्या ऐकू आल्या. भाऊ माझ्याकडे बघत होता. पाहुणे, चिटणीस, कुणाशीही मी रात्रभर भांडले असते; पण हे भांडण नव्हतं.

"चित्र चुकलंय गं आई," मी म्हणाले. "सावल्या फार पडल्यात माझ्या हातून."