मशीन पाडायची दुपार

आमच्या ऑफिसात शेतकऱ्यांना नंबर लावून द्यायचं काम चालतं. सोयाबीन चाळायला आणि गोदामात टाकायला कुणी ट्रॅक्टर कधी आणायचा, त्याचा मेसेज आमच्याकडून जातो. रिठदच्या माणसानं इथं मालेगावला येऊन दिवसभर रांगेत ताटकळू नये, एवढ्यासाठी. मेसेज पाठवणाऱ्या मशीन मात्र इथं नाहीत. त्या लांब कुठल्याशा शहरात, दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेल्या. त्यालाच क्लाउड म्हणतात. मी त्या कधी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत, पण सकाळी आधी त्यांची चौकशी आणि मग चहा, अशी सवय लागून गेली होती.

मी मूळची आजऱ्याकडची. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानं जऊळक्याला आले, आणि इथलं ‘मले-तुले’ कानात मुरायलाच वर्ष गेलं. ऑफिस चालवणाऱ्या ताईंनी मला फोन उचलायला ठेवलं. त्या रिठदच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, इंजिनिअर होऊन पुण्याहून परत आलेल्या. फोन उचलता उचलता त्यांनीच मला पडद्यावरच्या रेघा वाचायला शिकवल्या, मग मशीन चालू-बंद करायला.

“आठवी काय न् बारावी काय, मशीनले काय माहीत?” म्हणायच्या.

मशीनला नसेल. मला होतं. काहीही बिघडलं की पहिला विचार हाच, की हे माझ्याच हातून झालं.

गर्दीचा सीझन लागायच्या आधी एक दिवस ताई म्हणाल्या, “मंगळवारी आपण आपली एक मशीन पाडू.”

“पाडू?”

“व्हय. मुद्दाम बंद करू. दिवसाढवळ्या, सगळे समोर असताना. सीझनमधे आपोआप पडली तं कोणाच्या नावानं बोंबलशीन?”

मेसेज पाठवायला दोन मशीन होत्या. एक पडली तर दुसरीनं तिचं काम उचलावं, अशी रचना. पण उचलते की नाही, हे कुणी कधी करून पाहिलं नव्हतं. त्या प्रयोगाची मांडणी ताईंनी मलाच करायला लावली. आधी कागदावर लिहायचं, काय होईल असं वाटतं ते. मी लिहिलं : एक मशीन दहा मिनिटं बंद राहिली तरी सगळे मेसेज जातील. मग पडद्यावर मशीन निवडायची, किती वेळ बंद ठेवायची ते भरायचं, आणि मेसेज फारच तुंबले तर प्रयोग आपोआप थांबेल अशी अट घालायची. शेवटचा नियम ताईंनी तोंडी सांगितला. मधे कुणीही हात लावायचा नाही.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला होता. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, आठ दिवस येशील का, आई तुझंच नाव घेते. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “प्रयोग पास झाला तं लगेच जाय. मग इथं मशीन पडली तरी तुही गरज नाही पडणार.”

मंगळवारी तीन वाजता मी बटन दाबलं. एक रेघ खाली आली, दुसरी वर चढली. दहा मिनिटं झाली, सगळे मेसेज गेले. ताईंनी टाळी वाजवली. खालच्या मोटारसायकलच्या पार्टच्या दुकानातून चाचांनी चहा पाठवला, कारण ऑफिसातलं बरं-वाईट त्यांना जिन्यातूनच कळायचं.

पण मी हात लावला होता.

ठरवून नाही. मशीन क्षणभर जरी बंद पडली, तरी तिच्या हातात असलेले मेसेज तिच्याच नावावर अडकून बसायचे. पडद्यासमोर बसायला लागले त्या पहिल्याच महिन्यात मला ते दिसले होते. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. कुणाला कळायच्या आत मी ते सोडवून दुसऱ्या मशीनकडं दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले, पुन्हा सोडवले. पुढं मग अंगणात सडा टाकावा तसं ते रोजचंच झालं. इतकी वर्षं ताईंना वाटायचं, मशीन शहाणी आहे. प्रयोगाच्या वेळीही अडकलेले मेसेज दिसले आणि बोटं आपसूक चालली.

गप्प राहिले असते तर त्याच रात्रीची गाडी मिळत होती. पण मी आजऱ्यात आईच्या उशाशी, आणि इकडं ट्रॅक्टर भरून निरोपाची वाट बघत बसलेली माणसं, हे काही डोळ्यांपुढून हलेना. आणि सांगितलं तर? ज्या बाईनं विश्वासानं समोर बसवलं, तिला म्हणायचं की मी पहिल्या महिन्यापासून लपवत आले?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या सांगितलं. उभ्यानंच. ताईंनी समोरची वही मिटली.

“मले सांगतलं काहून नाही वं?”

“वाटलं, माझीच चूक आहे. काढून टाकाल.”

“तुही चूक?” त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. “चूक माही व्हती. म्या बांधलेलं व्हतं ते. बस अगुदर.”

मग म्हणाल्या, “आज पुन्हा पाडू. पण आज मशीनसंगं तुलेही काढू.”

माझा फोन काढून घेतला आणि मला खाली चाचांच्या दुकानात नेऊन बसवलं. मांडणी माझीच, बटन दाबणार ताई. चाचा ब्रेकच्या वायरी खिळ्याला टांगत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, “बेटी, वर तुह्या पोराचा पेपर चालू हाय का? सारखी जिन्याकडं काहून पाहून राह्यली?”

“तसंच समजा, चाचा.”

“मंग ह्या वायरी सोडव. गुंता झाला हाय.”

मी दोनच वायरी सोडवल्या असतील, तेवढ्यात ताई धावत खाली आल्या. “अडकले! सगळे अडकले! खोट सापडली!” चेहरा असा, जणू पहिला नंबर आला.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट वदवून घेतली. आधी काय बघतेस, किती वेळ थांबतेस, कुठला मेसेज सोडतेस, कुठला नाही. “थांबतं काहून?” “मशीन परत उठली तर एकाच माणसाला दोन मेसेज जातील म्हणून.” त्या लिहायच्या थांबल्या. “हे तं मलेही सुचलं नसतं.” इतकी वर्षं जे चोरून केलं, ते वहीत शाईनं उतरताना मी बघत होते. माझं डोकं खाली होतं, पण लाजेनं नाही.

ते सगळं मशीनला शिकवायला चार दिवस लागले. मग तिसऱ्यांदा पाडली. मी खालीच होते. या खेपेला ताई सावकाश जिना उतरल्या. मशीननं स्वतःच मेसेज सोडवले होते. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर आत थोडं रिकामंही वाटलं. ते त्यांना दिसलं असावं.

“आता मशीन तुह्यासारखं वागून राह्यली,” त्या म्हणाल्या. “मंग घाबरतं कायले? परत आली की दुसरं काही पाडू. आता जाय, माय वाट पाहून राह्यली.”

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी आईच्या डोळ्यात थेंब घालत होते. दुसरा डोळा मिटूनच तिनं विचारलं, “एवढं कामाचं टाकून आलीस. कुणाच्या गळ्यात घालून आलीस गं?”

“कुणाच्याच नाही. आपलं आपण चालतंय ते.”

आईला ते काही पटलं नाही. तिच्या जन्मात कुठलं काम आपलं आपण चाललं होतं? तिनं चाचपडत माझा हात धरला.

“मग ऱ्हा की अजून दोन दिस.”

राहिले.